काचेवरची थाप

मिलिंदच्या किडन्या त्याच्या स्वतःच्या हट्टापायी गेल्या, असं सगळे समजतात. त्याची आई तसं समजते, आमचे ज्यूदोचे सर तसं समजतात, मिलिंद स्वतःही तसंच समजतो. तसं नव्हतं. त्या दुपारी तिथे आम्ही दोघंच होतो, आणि त्याला त्यातलं काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, वडिलांना त्यांच्या शेवटच्या दिवसांतही नाही. मी मुळात कमी बोलणारा, आणि त्याचा मला फायदाच झाला. जो नेहमीच गप्प असतो तो काही लपवतोय, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

लिहायला बसलो त्याला निमित्त गाडीचं झालं. परवा जुनी पांढरी गाडी भंगारात दिली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती कित्येक वर्षं नुसती उभी होती. आमचे चेअरमन तिच्या वायपरखाली चिठ्ठ्या लावायचे. शेवटची चिठ्ठी अशी होती: ‘ही जागा वाहनांसाठी आहे, स्मारकांसाठी नाही.’ मी ती काढून खिशात ठेवली आणि भंगारवाल्याला फोन केला.

तो आला, दुसऱ्या बॅटरीला वायर जोडून त्यानं इंजिन सुरू केलं. ते खोकलं आणि लागलं. मग गिऱ्हाईक जसं करतं तसं त्यानं एकेक बटण फिरवून पाहिलं. वायपर. हॉर्न. आणि ती गोल खुंटी, लाल रेघेकडे.

“हीटर बी चालतोय की साहेब,” तो हसून म्हणाला. “पुण्यात कशाला लागतोय हीटर?”

उघड्या दारातून वास आला. तापलेली धूळ, रबर, आणि त्यांच्या खाली कसलातरी खारट, ओलसर वास. तो खरंच होता की माझ्या डोक्यातून आला, देव जाणे. मी जिन्याच्या पायरीवर बसलो. भंगारवाला म्हणाला, “काय झालं? जीव लागतो बगा गाडीत.” मी मान हलवली. गप्प माणसाबद्दल लोक नेहमी चांगलंच समजतात.

*

ते मंदीचं वर्ष होतं. हिंजवडीला कंपनीच्या बसमध्ये एकेक सीट रिकामी व्हायला लागली होती आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. आमच्या मजल्यावर एक छोटी मीटिंगची खोली होती, धुरकट काचेची. आत कोण आहे हे दिसायचं नाही, नुसते आकार दिसायचे. माणूस लॅपटॉप घेऊन आत जायचा आणि बाहेर यायचा तेव्हा हात रिकामे. मग सिक्युरिटीचा माणूस त्याच्याबरोबर त्याच्या टेबलापर्यंत चालायचा, अगदी नम्रपणे. देवाचा छोटा फोटो, कॉफीचा मग, चार्जर, पुठ्ठ्याच्या खोक्यात. आम्ही स्क्रीनकडे बघत राहायचो. मला तेव्हा काही काम नव्हतं, कंपनीच्या भाषेत बेंचवर होतो. दिवसभर काम करतोय असं दाखवणं हे कामापेक्षा दमवणारं असतं. 

मिलिंद मला त्या बसमध्ये भेटला. टेस्टिंगला होता. त्याचे कान पैलवानासारखे चुरगळलेले, म्हणून मी आधी त्याच्या कानांकडेच बघत राहिलो. तो म्हणाला, “विचार ना. सगळे विचारतात.”

“कुस्ती?”

“ज्यूदो. आणि आता ते दुसरं. पिंजऱ्यातलं.”

ते दुसरं म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. जाळीच्या पिंजऱ्यात दोघं, ठोसे, लाथा, कुस्ती, ज्यूदो, सगळं चालतं. मी ते आधीच टीव्हीवर बघायला लागलो होतो आणि घराबाहेर कुणाला सांगत नव्हतो. अमेरिकेतल्या शनिवार रात्रीच्या लढती आपल्याकडे रविवारी सकाळी दिसायच्या. नारायण पेठेतलं आमचं घर, खाली दुधाच्या पिशव्यांचा आवाज, आई पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरतेय, आणि टीव्हीवर कुणाच्यातरी भुवईतून रक्त. वडील पेपर खाली करून बघायचे आणि विचारायचे, “हे लोक पैसे घेऊन मार खातात?”

“हो.”

“आमच्या शाळेत फुकट मिळायचा.” आणि पेपर पुन्हा वर.

पण मला त्या तासा-दोन तासांत श्वास घेता यायचा. तिथे सगळं उघड होतं. धुरकट काच नव्हती. माणूस हरला तर समोर हरायचा, त्याचा हात सोडून पंच दुसऱ्याचा हात वर करायचा. आणि त्यात एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त आवडायची: थाप. मान किंवा हात समोरच्याच्या पकडीत अडकला, सुटणं शक्य नाही असं वाटलं, की माणूस समोरच्याच्या अंगावर नाहीतर जमिनीवर हाताची थाप मारतो. त्याक्षणी सोडायचं. विचारायचं नाही, अजून थोडं बघू म्हणायचं नाही. एवढ्या रानटी दिसणाऱ्या खेळात हा एक नियम इतका मऊ होता, की तो कळल्यापासून मी प्रत्येक लढतीत थापेचीच वाट बघायचो.

रविवारच्या त्या सकाळी हळूहळू मिलिंदही यायला लागला. पोहे दोनदा घ्यायचा. आईला तो आवडायचा, कारण तो बशी स्वतः विसळून ठेवायचा. वडील म्हणायचे, “या, आले का हिंसक लोक.”

*

त्याचा सराव शनिवार पेठेत चालायचा. खाली जुनी तालीम, वरच्या मजल्यावर एक लांबट हॉल. जिना चढताना खालून तांबड्या मातीचा वास यायचा; तेल, ताक, हळद मुरलेली ती माती. वर पोहोचलं की रबरी मॅट, फिनेल आणि घाम. दोन वासांच्या मध्ये जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, तिथून शेजारच्या बेकरीचा ताज्या खारीचा वास घुसायचा. मिलिंद वजन उतरवत होता तेव्हा त्या वळणावर श्वास रोखून पळत वर जायचा. आजही खारी दिसली की मला तो जिना आठवतो.

सर ज्यूदोचे जुने शिक्षक. चपला एका रांगेत लागल्या नाहीत तर सराव सुरू करायचे नाहीत. मॅटवर येताना वाकायचं, जाताना वाकायचं. नव्या पोरांना ते पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवायचे, थाप मारणं आणि थाप ऐकणं. “मारायला लाजायचं नाही,” ते म्हणायचे, “आणि ऐकू आली नाही असं जो म्हणतो ना, तो बहिरा नसतो. हलकट असतो.” पोरं हसायची. मीही हसलो होतो.

मी दोन-चार वेळा मॅटवर उतरून पाहिलं. मिलिंदनं मागून मानेभोवती हात टाकला की मी लगेच थाप मारायचो. तो कळवळून म्हणायचा, “अरे, मी अजून धरलंच नाही!” हॉलभर हशा. पण सोडायचा. दर वेळी, त्याच क्षणी. हसत हसत का होईना, त्याचा हात आधी सुटायचा, मग हसू यायचं. आता विचार करतो तेव्हा तो क्रम आठवतो.

लढणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. मग मी दुसरा उद्योग सुरू केला. ऑफिसात काम नव्हतंच. दिवसभर नेटवर परदेशी फोरम वाचायचो, कुठला लढवय्या काय खातो, कसा झोपतो, वजन कसं उतरवतो. ऑफिसच्या प्रिंटरवर कागद काढून मिलिंदला बसमध्ये द्यायचो. तो मला मॅनेजर म्हणायला लागला. आधी चेष्टेत, मग सगळा हॉलच. सरसुद्धा एकदा म्हणाले, “तुमच्या मॅनेजरना विचारा, आम्ही काय, अडाणी.” त्यातला टोमणा मला कळला, पण त्याहून जास्त मला ते संबोधन आवडलं. त्या वर्षी मला कुणीतरी कशाचातरी मॅनेजर म्हणत होतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला हिंजवडीच्या पुढे एका मंगल कार्यालयाच्या लॉनवर लढती ठरल्या. आयोजकाचा फोन मिलिंदऐवजी मी घेतला, तेवढी माझी मजल गेली होती. कोणत्या वजनात, त्यानं विचारलं. मिलिंद तेव्हा ऐंशीच्या जवळपास. सर म्हणत होते, सत्त्याहत्तरच्या गटात खेळ, आरामात जमेल. मी फोनवर म्हणालो, “सत्तर.” मिलिंदला न विचारता. खालच्या गटात तो सगळ्यांत दांडगा ठरेल, कुणालाही उचलून आपटेल, असं चित्र माझ्या डोळ्यांसमोर होतं. त्याला बसमध्ये सांगितलं तेव्हा त्यानं बोटांवर किलो मोजले.

“उतरेल का रे?”

“उतरतं. जगभर सगळे उतरवतात.”

“सर ओरडतील.”

“सरांच्या वेळी हे सायन्स नव्हतं.”

सर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “अंग त्याचं, हौस तुमची.” आणि पाठ फिरवून चपलांची रांग बघायला गेले.

*

आंब्याचे दिवस होते. गल्लीगल्लीत गवताच्या पेट्या, दुपारभर कुणाच्यातरी घरात आमरस. मिलिंद मीठ सोडून बसला होता, भात सोडून बसला होता, शेवटी शेवटी पाणीही घोटाघोटानं. बसमध्ये तो च्युइंगगम चघळत एका बाटलीत थुंकायचा, कारण थुंकीचंही वजन असतं असं मी वाचलं होतं. पुढच्या सीटवरच्या मॅडम वळून म्हणाल्या, “अहो, शी! काय चाललंय आपलं?”

“सायन्स, मॅडम,” मिलिंद म्हणाला. आम्ही दोघं इतके हसलो की ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. ते आमचं शेवटचं मोठं हसणं असावं.

त्याचे गाल आत गेले. डोळे मोठे दिसायला लागले. तो आवाजाला दचकायचा. मी रोज वजन विचारायचो, ‘कसा आहेस’च्या जागी तेच विचारायचो.

वजन करायच्या आदल्या दिवशी बुद्ध पौर्णिमा होती. मी संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील तो कॉलेजात असतानाच गेले होते. आई महापालिकेच्या शाळेत शिकवायच्या. पांढरीशुभ्र साडी, बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्त्या, अगरबत्ती, आणि आतून खिरीचा वास. दूध आटलेलं, वेलदोडा, तुपात तळलेला काजू. मिलिंद कोपऱ्यात स्वेटर घालून बसला होता, मे महिन्यात.

काकूंनी माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाल्या, “अहो मॅनेजर, एक विचारू का? याचं वजन कमी करायचंय की माणूसच कमी करायचाय?”

“उद्याचा दिवस फक्त, काकू. उद्या संध्याकाळी वजन झालं की लगेच खाईल.”

“याचं मला माहितीये. लहानपणी शर्यतीत पाय मुरगळला तरी पळत राहिला, थांबायचं कुठं ते याला कळत नाही.” मग त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या, “तू शहाणा आहेस. तू लक्ष ठेव हं त्याच्यावर.”

मी हो म्हणालो. खीर गोड होती. मिलिंद माझ्या चमच्याकडे बघत होता, वाटीकडे नाही, फक्त चमच्याकडे, खालून वर, वरून खाली.

*

लॉनवर पिंजरा उभा राहत होता तेव्हा आम्ही पोहोचलो. लग्नाच्याच खुर्च्या होत्या, पांढरी कापडं घातलेल्या, पाठीला गुलाबी सॅटिनचे बो. फाटकावरच्या म्हाताऱ्या वॉचमननं विचारलं, “आत लगीन हाय का मारामारी?”

“मारामारी, मामा,” मिलिंद म्हणाला.

“मंग बरं हाय. जेवणावळ न्हाई.”

मिलिंदला हसायला ओठ ताणता येईनात, ते फाटले होते. काट्यावर उभा राहिला तर अजून दोन-अडीच किलो जास्त. वजन करायची वेळ संध्याकाळी. हॉटेल नाही, वाफेची खोली नाही. पण मी फोरमवर वाचलं होतं: गाडी.

लॉनच्या मागे मोकळं मैदान होतं, बांधकामासाठी सपाट केलेलं, एकही झाड नसलेलं. तिथे माझी पांढरी गाडी उन्हात लावली. इंजिन चालू, काचा बंद, हीटर लाल रेघेवर. मिलिंदनं स्वेटर, माकडटोपी आणि त्यावर दोन रेनकोट घातले, एक त्याचा, एक माझा. स्कूटरवर घालायचे ते, जाड रबरी. तो मागच्या सीटवर बसला. मागची दारं आतून उघडायची नाहीत, कारण माझी भाची चालत्या गाडीत कड्या ओढायची म्हणून मी चाइल्ड लॉक लावलं होतं, आणि काच खाली करायची हँडलंही काढून ठेवली होती. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यावर विनोदही झाला. “भाचीबाई तयार,” तो म्हणाला.

दार लावण्याआधी तो म्हणाला, “ऐक. मी ओरडलो, शिव्या दिल्या, तरी उघडू नको. मी नाटकं करीन. पण थाप मारली तर उघड.”

“अर्थात,” मी म्हणालो.

मी बाहेर, गाडीच्या सावलीच्या अरुंद पट्टीत उभा राहिलो. ऊन असं की दूरच्या क्रेनचा आकार हलत होता. आतला रेडिओ चालू होता, त्याचा आवाज काचेतून बाहेर यायचा तेव्हा पाण्याखालून आल्यासारखा वाटायचा. काचा आतून धुरकटल्या. मिलिंद नुसता एक आकार झाला. आधी त्यानं शिव्या दिल्या, त्या मी हसत ऐकल्या. मग तो गप्प झाला. एक गाणं संपलं, जाहिराती लागल्या, दुसरं गाणं सुरू झालं.

मग थाप आली. उघड्या तळव्याची, काचेवर. धुरकट काचेवर तळव्याचा पांढरा ठसा उमटला, पाचही बोटं स्पष्ट.

मी ती बघितली. ऐकली. मी हात वर करून त्याला खूण केली, थोडंच राहिलंय.

दुसरी थाप खालच्या बाजूला आली. आवाज कमी होता. मी दाराच्या इतका जवळ होतो की हात लांब करायची गरज नव्हती, नुसता उचलायचा होता. माझ्या मनात त्या वेळी काट्याचा आकडा होता. दुसरं काहीही नव्हतं, हे मला आज लिहिताना नीट लिहायचं आहे. दया नव्हती, राग नव्हता. आकडा होता.

तिसरी थाप आली तेव्हा मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत उभा राहिलो.

रस्त्यावरून कंपनीची एक बस गेली, रिकामी. गाणं चालूच होतं. ते संपल्यावर मी मागे बघितलं, तर काचेवरचा तळवा खाली घसरत गेल्याची एक लांब, स्वच्छ रेघ होती आणि रेघेच्या शेवटी काही नव्हतं.

दार उघडलं तेव्हा जो वास आला तो हाच, परवाचा. मिलिंद सीटवर आडवा, अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि कोरडं. घाम थांबला होता. मी त्याचे रेनकोट फाडले, अंगावर बाटल्या ओतल्या, त्याच गाडीतून, पुढच्या दोन्ही काचा उघड्या टाकून, हॉर्न दाबत दवाखाना गाठला. आणि वाटेत, सिग्नलला, मी मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि माझ्या मनात आलं: उतरलं असेल का? हेही कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टर तरुण होते. “किती वेळ आत होता हा?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “हा अजून थांबतो म्हणाला, म्हणून मी टपरीवर चहा प्यायला गेलो होतो. आलो तर हा असा.”

इतकं सोपं होतं. मी एका दमात बोललो. नंतर सर आले, त्यांना तेच सांगितलं. काकू आल्या, शाळेतल्या सुट्टीच्या वर्गांच्या कार्यक्रमातून तशाच, केसांत गजरा. मी त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, “तू वेळेवर आलास रे. नाहीतर हा मेलाच असता. मी म्हणाले होते ना, याला थांबणं कळत नाही.”

त्यांच्या हातांना खडूचा वास होता.

*

पुढचं सगळं सावकाश झालं. किडन्या बंद पडल्या होत्या. मशीनवर ठेवलं, त्या पुन्हा सुरू झाल्या, पण अर्ध्याच. शुद्धीवर आल्यावर मिलिंदनं पहिला प्रश्न विचारला, “मी थाप मारली का रे?” त्याला गाडीत बसल्याचं आठवत होतं, त्यापुढचं नाही.

खोलीत काकू होत्या. सर होते. सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायची ती सगळ्यांत सोपी वेळ होती.

“मी होतो तोवर तरी नाही,” मी म्हणालो. “नंतर मी नव्हतो तिथे.”

तो छताकडे बघत म्हणाला, “नसेलच मारली. माज.”

त्या पावसाळ्यात शहरातल्या सगळ्यांची तोंडं अचानक मास्कमध्ये गेली, स्वाइन फ्लूच्या साथीच्या भीतीनं. शाळा बंद, थिएटरं बंद, रस्त्यावर नुसते डोळे. मिलिंदला ताप आला तर काय, या धास्तीनं काकू दाराला दोरीनं डेटॉलचा फडका बांधून ठेवायच्या. मी उंबऱ्याबाहेरून त्याच्याशी बोलायचो. अर्धा चेहरा झाकलेला असल्याचं मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. रजेवर असतानाच त्याची नोकरी गेली. त्याला त्या धुरकट खोलीतही बोलावलं नाही, फोनवरच सांगितलं. माझी राहिली. पुढे मला खरोखरचा मॅनेजर केलं, परदेशी पाठवलं, बाणेरला फ्लॅट झाला. रविवारच्या लढती मी पुन्हा बघितल्या नाहीत. बायको म्हणते, “तुला खेळाची आवडच नाही.” मी हो म्हणतो.

दर वर्षी बुद्ध पौर्णिमेला काकूंचा स्टीलचा डबा येतो. मी परदेशी होतो ती वर्षंही आला, माझ्या आईकडे. रिटायर झाल्यावरसुद्धा, गुडघे दुखत असतानासुद्धा, रिक्षानं येऊन देतात. बायकोनं एकदा विचारलं, “या काकूंचा तुझ्यावर एवढा जीव कसा?”

“मित्राची आई आहे.”

खीर मी खातो. ओतून दिली तर त्यांना कळेल असं उगाच वाटतं.

*

गाडी गेली त्याच आठवड्यातल्या रविवारी मी मिलिंदकडे गेलो. घरी नाही, हॉलवर. सर आता येत नाहीत, त्यांचा वर्ग तोच घेतो. एका छोट्या कंपनीत नोकरी करतो आणि रविवारी मुलांना शिकवतो. जिना तसाच. बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान झालंय, त्यामुळे वळणावर आता कसलाच वास येत नाही.

मला बघून तो ओरडला, “ये मॅनेजर! चपला रांगेत.”

मी त्याला गाडीचं सांगितलं.

“दिलीस? अरे, सांगायचं तरी. शेवटचा फोटो काढला असता. त्याच गाडीनं मारलं आणि त्याच गाडीनं वाचवलं मला.” मग मुलांकडे वळून, “बसा सगळे. आज मॅनेजरकाका आलेत, तर तो धडा आज.”

दहा-बारा वर्षांच्या मुली, मुलगे, पांढऱ्या ढगळ कपड्यांत. तो मांडी घालून त्यांच्यासमोर बसला. चेहरा सुजट, डोळ्यांखाली पिशव्या. कडेला मोजून पाणी भरलेली त्याची लहान बाटली. त्यानं ती गोष्ट सांगितली, सराईतपणे, हसवत. बो लावलेल्या खुर्च्या, वॉचमन मामा, दोन रेनकोट. “आणि मी आत बसलो. जीव चाललाय, तरी थाप मारली नाही. का? लाज वाटली. मोठा शूर ना मी! तुम्ही असं करायचं नाही. लाज वाटली की माझ्या किडन्या आठवायच्या. कळलं?”

एका मुलीनं हात वर केला. “पण सर, तुम्हाला एकदापण नाही वाटलं मारावी?”

मिलिंद थांबला. हा प्रश्न आधी कुणी विचारला नसावा. तो हसला नाही. “वाटलं असेल,” तो म्हणाला. “तेच तर मला कळत नाही, बाळ. रोज रात्री विचार करतो, वाटलं असेल तर मी मारली का नाही? मी एवढा मूर्ख होतो का?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात तो टाळी वाजवून उठला, “असो! आणि हे मॅनेजरकाका वेळेवर आले म्हणून तुमचे सर आज आहेत. उभे राहा. वाका.”

सगळी मुलं उभी राहिली आणि एका रांगेत माझ्यापुढे वाकली. मीही वाकलो. ते मॅटवर करायचंच असतं.

निघताना तो दारापर्यंत आला. हळूच म्हणाला, “डॉक्टर आता मशीनचं बोलायला लागलेत. कायमचं. आईला अजून सांगितलं नाहीये. मीच ओढवून घेतलं, आता तिला काय तोंडानं सांगू?” आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी म्हणालो, “होईल सगळं नीट.” मग रांगेतल्या माझ्या चपला घातल्या आणि जिना उतरलो.

हे छापून आलं तर कदाचित तो वाचेल. पण वाचायला देणं म्हणजे सांगणं नव्हे, एवढं मला कळतं. मिलिंद लाजला नव्हता, मूर्खही नव्हता. त्यानं थाप मारली होती, आणि ती मी ऐकली होती. हे मला त्याच्यासमोर बसून त्याला सांगायचं आहे, मग काकूंना, मग त्या मुलांना. अजून मी त्यांतल्या कुणालाही सांगितलेलं नाही.